जुने सागवानी कपाट आणि पुस्तकांची मांडणी स्वयंपाकघरातील साठवणीसाठी वापरता येईल का?

प्रश्न — सातारा

नमस्कार. मंगळवार पेठेतील आमचे जुने घर लवकरच रिकामे करायचे असून आम्ही गोडोलीच्या बाजूला एका लहान सदनिकेत राहायला जाणार आहोत. तेथील स्वयंपाकघर 8 फूट बाय 10 फुटांचे आहे आणि ओट्याखालची जागा सोडली तर साठवणीची सोय जवळजवळ नाही. आमच्या घरी वर्षाचे गहू, ज्वारी आणि तांदूळ एकदम भरून ठेवण्याची पद्धत अजून चालू आहे. शिवाय उन्हाळ्यात केलेली कांदा-लसणाची चटणी, पापड-कुरडया, लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या आणि सासूबाईंचे पितळी डबे आहेतच.

जुन्या घरातील चार वस्तू अजून भक्कम आहेत. दोन दारांचे सागवानी कपड्यांचे कपाट आहे. त्याची उंची 6 फूट, रुंदी 4 फूट आणि खोली 22 इंच आहे. पुढून काचेची सरकती दारे असलेली पुस्तकांची मांडणी 11 इंच खोल आहे. एक जुने जाळीचे दुभत्याचे कपाट आहे, ज्याला अनेक वर्षांपूर्वी हिरवा ऑइलपेंट दिलेला असून तो आता जागोजागी पोपडे धरून निघतो आहे. आणि एक लोखंडी ट्रंक आहे. येथील एका सुतारांनी हे सर्व जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला देऊन टाकावे आणि प्लायवूडच्या ट्रॉल्या करून घ्याव्यात असे सुचवले. माझे मन त्याला तयार होत नाही. मात्र केवळ मायेपोटी गैरसोयीची वस्तू स्वयंपाकघरात आणून ठेवावी असेही मला वाटत नाही.

कपड्यांच्या कपाटाच्या फळ्या धान्याचे वजन पेलतील का, त्यात वर्षानुवर्षे ठेवलेल्या डांबरगोळ्यांचा वास जाईल का, हिरवा रंग कसा काढावा, आणि मांडणीच्या मागच्या फळीला जी बारीक भोके दिसतात ती किडीची असतील तर काय करावे, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर — सांगली, सुतारकाम

ताई, आपल्या चार वस्तूंपैकी स्वयंपाकघरासाठी सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे पुस्तकांची मांडणी. कपड्यांचे कपाट नव्हे. बहुतेक लोक मोठे आणि भारी कपाट आधी निवडतात आणि मांडणी कोणाला तरी देऊन टाकतात, म्हणून हे सुरुवातीलाच सांगतो.

कारण खोलीचे आहे. कपड्यांचे कपाट 22 इंच खोल करतात, कारण हँगरला अडकवलेला सदरा आडवा मावला पाहिजे. स्वयंपाकघरातील डबा सहा ते दहा इंच व्यासाचा असतो. अकरा इंचांच्या फळीवर डब्यांची एकच रांग लागते, प्रत्येक डबा समोर दिसतो आणि एक डबा काढण्यासाठी दुसरा हलवावा लागत नाही. बावीस इंचांत दोन-तीन रांगा लागतात, मागच्या रांगेतील डाळ विसरली जाते आणि किडीला सुरुवात तेथूनच होते.

दुसरे कारण वजनाचे. पुस्तके फार जड असतात; फूटभर फळीवर दाटीने लावलेली पुस्तके सहज दहा किलोंच्या आसपास भरतात. म्हणजे ती मांडणी करणाऱ्या कारागिराने मुळातच वजनाचा विचार करून फळ्या घेतलेल्या असणार. कपड्यांच्या कपाटात तसा विचार करण्याची गरजच नसते. तेलाच्या पंधरा किलोच्या रिकाम्या डब्यात बारा-तेरा किलो गहू बसतात. असे चार डबे चार फुटांच्या फळीवर ओळीने ठेवले की पन्नास किलोंचा भार पडतो, आणि कपड्यांच्या घड्यांसाठी घातलेली पाऊण इंची फळी कालांतराने मध्यभागी वाकते.

येथे एक हिशोब लक्षात ठेवण्यासारखा आहे. तेवढेच वजन, तेवढीच जाडी, पण फळीचा आधारांमधला पल्ला दुप्पट झाला, तर येणारा बाक दुप्पट नव्हे तर आठपट होतो. उलट बाजूने पाहिले तर चार फुटांच्या कपाटात मधोमध एक उभी फळी घालून पल्ला दोन फुटांवर आणला, तर तेवढ्याच वजनाने येणारा बाक एक अष्टमांशावर येतो. म्हणून नव्या जाड फळ्या विकत घेण्यापेक्षा मधली उभी फळी घालणे स्वस्त आणि अधिक उपयोगाचे आहे. ती मात्र तळापासून माथ्यापर्यंत सलग असावी आणि तिच्या बरोबर खाली, कपाटाच्या बुडाला, जमिनीपर्यंत टेकणारा ठोकळा द्यावा, नाहीतर सर्व भार बुडाच्या फळीवर येऊन तीच खाली बसेल. याखेरीज प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेला दीड इंच रुंदीची सागाची पट्टी उभी धरून स्क्रूने बसवावी. तिने फळीला ताकद येते. फळ्यांखालच्या आधाराच्या जुन्या पट्ट्या बहुधा बारीक खिळ्यांनी ठोकलेल्या असतात. त्या काढून स्क्रूने पक्क्या कराव्यात.

आपल्या जागेचे मापही घेऊन पाहू. खोलीची रुंदी 8 फूट धरली, ओटा 2 फूट आणि त्याच्या समोर 22 इंचांचे कपाट, तर मध्ये उरतात 4 फूट 2 इंच. कपाटाचे एक दार उघडले की त्यातील 2 फूट जातात, म्हणजे एकाने दार उघडलेले असताना दुसऱ्याला ओट्यापाशी वळताही येणार नाही. दारे काढून तेथे पडदा लावणे हा एक मार्ग आहे. परंतु धुळीसाठी आणि झुरळांसाठी मला तो पसंत नाही.

एक विनंती मनापासून करतो. कपाट आडवे कापून त्याची दोन बुटकी कपाटे करावीत असे आपल्याला कोणी सुचवेल. तसे करू नये. जुन्या सागवानी कामात खिळे कमी आणि लाकूड लाकडात बसवलेले सांधे जास्त असतात. वरची आणि खालची चौकट मिळूनच त्या कपाटाला काटकोनात धरून ठेवते. मधून कापले की दोन्ही अर्धी डुगडुगू लागतात, आणि त्यांना पुन्हा ताठ करण्याचा खर्च नव्या कामाएवढा होतो.

मांडणी मात्र नि:शंकपणे न्यावी. ती उंच आणि कमी खोल असल्यामुळे पुढे कलंडू शकते, म्हणून वरच्या बाजूला दोन लोखंडी एल-पट्ट्यांनी भिंतीला घट्ट बांधावी. घरात लहान मूल असेल तर हे काम पुढे ढकलू नये. सरकत्या काचा जुन्या आणि साध्या असतील तर त्या जागी टफन्ड काच बसवून घ्यावी. सर्वांत जड डबे सर्वांत खाली ठेवावेत.

उत्तर — कराड, रसायनशास्त्राच्या शिक्षिका

वरील उत्तरातील मापांविषयी मला अधिक काही सांगायचे नाही. रंग आणि वास यांविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिते, कारण ही वस्तू अन्नाजवळ जाणार आहे.

हिरव्या ऑइलपेंटच्या बाबतीत कृपया घाई करू नये. जुन्या तैलरंगांत शिसे असण्याची शक्यता मोठी असते. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम 2016 मध्ये झाले आणि ते 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगाला तसे बंधन नव्हते. त्यामुळे कपाटाचा रंग त्यापूर्वीचा असेल तर त्यात शिसे आहे असे धरूनच काम करावे. कोरड्या पॉलिश पेपरने किंवा मशीनने तो घासला की त्याची धूळ हवेत उडते, श्वासातून आणि हातांवरून पोटात जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम कायमचा होतो. ब्लो-लॅम्पने रंग जाळून काढण्याची पद्धत तर पूर्णपणे टाळावी, कारण त्या उष्णतेने शिशाची वाफ होते.

योग्य रीत अशी की रंग काढण्याचे रिमूव्हर लावून पोपडे मऊ करावेत, ओले असतानाच पत्र्याच्या पट्टीने खरवडावेत, उरलेला भाग वॉटर पेपरने पाणी लावत घासावा आणि खाली अंथरलेल्या प्लास्टिकसह सर्व गाळ गुंडाळून बांधून टाकावा. हे काम घराबाहेर करावे, मुलांना आणि गरोदर स्त्रियांना तेथे येऊ देऊ नये, आणि कामाचे कपडे इतर कपड्यांत मिसळून धुऊ नयेत. जुनी जाळी धुऊन पुन्हा लावण्याच्या फंदात पडू नये; तिच्या छिद्राछिद्रांत रंग बसलेला असतो. त्या जागी स्टेनलेस स्टीलची नवी बारीक जाळी लावावी.

आता डांबरगोळ्यांचा वास. डांबरगोळी म्हणजे बहुधा नॅप्थलीन. ते घन असूनही साध्या तापमानाला हळूहळू हवेत मिसळते आणि लाकडाच्या सच्छिद्र भागात जाऊन बसते. ते पोटात जाणे घातक आहे, आणि पीठ व तांदूळ वास फार लवकर ओढून घेतात. त्यामुळे अत्तर, कापूर किंवा धूप घालून वास झाकण्यात अर्थ नाही. कपाटाच्या फळ्या व खण बाहेर काढून, दारे सताड उघडी ठेवून, ते वारा खेळेल अशा सावलीच्या जागी बरेच दिवस राहू द्यावे. मार्च ते मे या काळात आपल्याकडे उष्ण आणि कोरडी हवा असल्यामुळे हे काम सर्वांत लवकर होते. पावसाळ्यात ते जवळजवळ होतच नाही. त्यानंतर आतला भाग हलका घासून पुसून घ्यावा आणि लाखदाणा स्पिरिटमध्ये विरघळवून त्याचे दोन हात आतून द्यावेत. लाखेचा थर वास अडवून धरतो, आणि पूर्ण वाळल्यावर त्याला स्वतःचा वास राहत नाही. एवढे करूनही नाकाला वास जाणवत असेल तर त्या कपाटात उघडे धान्य किंवा पीठ ठेवू नये, फक्त भांडी ठेवावीत.

हेच लाखेचे पॉलिश बाहेरून मात्र स्वयंपाकघरात टिकत नाही. त्यावर पाणी साचले किंवा गरम भांडे ठेवले की पांढरे डाग पडतात. बाहेरच्या बाजूला मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश करावे. कोणी जवसाचे तेल लावण्याचे सुचवले तर ते लाकडाला उत्तमच आहे. फक्त तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. ते तेल हवेतील ऑक्सिजन घेऊन वाळताना तापते आणि गोळा करून ठेवलेली फडकी आपोआप पेटू शकतात. ती मोकळी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

उत्तर — सांगली, गावभाग

मांडणीच्या भोकांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. नदीकाठच्या वस्तीत राहिल्यामुळे लाकूड आणि ओल यांच्याशी आमचा संबंध रोजचा आहे.

भोके टाचणीच्या डोक्याएवढी गोल असतील आणि त्यांच्याखाली मैद्यासारखी बारीक पूड पडत असेल, तर लाकडात भुंगेऱ्याची कीड आहे किंवा होती. ती चालू आहे की जुनी, हे कळण्यासाठी फळी स्वच्छ पुसून खाली काळा कागद अंथरावा आणि काही आठवडे पाहावे. नवी पूड पडली तरच कीड जिवंत समजावी. ही कीड सागाच्या आतल्या तपकिरी, पक्व लाकडाच्या वाटेला सहसा जात नाही. ती फिकट रंगाच्या बाहेरच्या भागात किंवा मागे लावलेल्या हलक्या लाकडात लागते. मांडणीची मागची फळी बहुधा अशा हलक्या लाकडाचीच असते. ती औषध मारून वाचवण्याऐवजी सरळ काढून टाकावी आणि तेथे आयएस 710 खुणेचे मरीन, म्हणजे ओल सहन करणारे, प्लायवूड लावावे. बाकीच्या सागाच्या भागावर एखाद-दुसरे भोक असेल तर तेवढा भाग पॉलिश काढून उघडा करावा, गरम पाण्यात बोरॅक्स व बोरिक अॅसिड विरघळवून ते लाकडाला पाजावे, पूर्ण वाळू द्यावे, भोके लांबीने (लाकडाच्या पुट्टीने) बुजवावीत आणि वरून लाखेचा थर द्यावा. उघड्या लाकडाच्या छिद्रांतच ही कीड अंडी घालते, त्यामुळे पॉलिश केलेल्या पृष्ठभागावर तिला जागा मिळत नाही. वाळवीसाठी जमिनीत मारण्याचे औषध धान्य ठेवण्याच्या वस्तूच्या आत कधीही फवारू नये. तांदळात होणाऱ्या सोंड्यांची आणि या भुंगेऱ्याची गल्लतही करू नये. सोंडे लाकूड खाऊन जगत नाहीत, मात्र फळ्यांच्या फटींत साचलेल्या पीठकणांत पिठातील इतर किडे वाढतात, म्हणून फटी लांबीने भरून घेणे आवश्यक आहे.

प्लायवूडच्या ट्रॉल्यांच्या सल्ल्याविषयी थोडे सांगावेसे वाटते. 2019 च्या ऑगस्टमध्ये येथे आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या वर गेले होते, आणि तेथील धोक्याची पातळी 45 फूट आहे. पाणी उतरल्यानंतर घराघरांतून जे सामान बाहेर निघाले, त्यात भुसा दाबून केलेल्या बोर्डाची आणि साध्या प्लायवूडची कपाटे फुगून उकललेली होती. सागाची जुनी कपाटे मात्र अनेकांनी चिखल धुऊन, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसून, उन्हात न ठेवता सावलीत हळूहळू वाळवून पुन्हा वापरात आणली. ज्या सांध्यांत जुना सरस होता ते सांधे सुटले, कारण सरस पाण्यात विरघळतो. पण लाकूड शाबूत राहिल्यामुळे ते पुन्हा जोडता आले. आपल्याकडे साताऱ्यात पुराचा तो धोका नाही, तरी सिंकखालची गळती आणि पावसाळ्यातील दमट हवा सर्वत्र सारखीच. त्यामुळे साग विकून प्लायवूड घेण्याचा सल्ला मला पटत नाही.

कपड्यांच्या कपाटाबाबत सुतारदादांचे म्हणणे खरे आहे, परंतु मी एक पाऊल पुढे जाऊन सुचवते की ते स्वयंपाकघरात नेऊच नये. स्वयंपाकघराला लागून असलेल्या बोळात किंवा जेवणाच्या जागेत ते अखंड ठेवावे आणि त्याला घराची कोठी करावी. वर्षाचे धान्य आपण रोज काढत नाही. महिन्यातून एकदा कोठीतून डबा भरून आणायचा असतो, आणि तेवढ्यासाठी 22 इंचांची खोली सोयीची आहे. रोजचे सर्व मांडणीत, वर्षाचे सर्व कपाटात, अशी विभागणी केली की दोन्ही वस्तू न कापता कामी येतात. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नये. मागे दोन-तीन इंच जागा सोडावी, म्हणजे पावसाळ्यात ओल धरत नाही.

जाळीच्या कपाटाचा सर्वांत चांगला उपयोग कांदे, बटाटे आणि लसूण यांसाठी होतो, कारण त्यांना हवा लागते. कांदे आणि बटाटे मात्र वेगवेगळ्या खणांत ठेवावेत. एकत्र ठेवले की दोन्ही लवकर खराब होतात. पूर्वी या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत असत, म्हणजे मुंग्या चढत नसत. ही पद्धत आजही उपयोगाची आहे, फक्त वाटीत मध्ये दगडाचा तुकडा ठेवून त्यावर पाय टेकवावा, नाहीतर लाकूड पाणी शोषून कुजते, आणि डासांची पैदास होऊ नये म्हणून पाणी आठवड्यातून एकदा तरी बदलावे.

लोणच्याच्या बरण्या थेट सागाच्या फळीवर ठेवू नयेत. तेल आणि मीठ यांचा पाझर लाकडात मुरला की तो डाग निघत नाही. त्या खणात कडप्प्याचा पातळ तुकडा घालावा. ट्रंकेचा गंज खरवडून तिला बाहेरून रेड ऑक्साइड प्रायमर द्यावा आणि ती विटांवर उचलून ठेवून हवाबंद पिशव्यांतील पापड-कुरडयांसाठी वापरावी.

प्रश्नकर्तीचे उत्तर — सातारा

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. जेवणाच्या जागेत सव्वाचार फुटांची एक मोकळी भिंत आहे, तेथे कपाट अखंड मावेल. त्यामुळे कोठीची कल्पना आम्हाला सर्वांना पटली. मांडणीच्या मागच्या फळीखाली काळा कागद अंथरला आहे. आता एकच शंका उरली आहे. ओट्याखाली जागा कमी असल्यामुळे जाळीच्या कपाटाचा खालचा बंद खण मोकळा करून त्यात गॅसचा सिलिंडर ठेवावा, असे घरातील एकांचे मत आहे. तसे चालेल का?

उत्तर — सांगली, सुतारकाम

ताई, तो खण बंद असेल तर मुळीच चालणार नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो; गळती झाली तर तो वर न जाता तळाशी साचतो. वरच्या भागाला जाळी असली तरी खालच्या बंद खणातील गॅसला तिचा उपयोग नाही. सिलिंडर तेथेच ठेवणे भाग असेल तर त्या खणाचे दार आणि बुडाजवळच्या बाजूच्या फळ्या काढून तो पूर्ण मोकळा करावा, सिलिंडर जमिनीवर उभाच ठेवावा, शेगडी त्याच्यापेक्षा वरच्या पातळीवर असावी आणि नळीला पीळ किंवा ताण पडू नये. माझे मत विचाराल तर ओट्याखालीच, दार नसलेल्या कप्प्यात सिलिंडर ठेवावा आणि तेथील भांडी जाळीच्या कपाटात न्यावीत. त्या कपाटाचे खालचे दार काढूच नका. त्यावर जाळीसाठी चौकट कापून घेतली की कांद्यांना अजून एक खण मिळेल.

कपाट हलवताना फळ्या, खण आणि दारे आधी काढून घ्यावीत, प्रत्येक दाराच्या आतील बाजूस आणि त्याच्या बिजागऱ्यांच्या जागेपाशी खडूने एकच खूण करावी आणि कपाट पायांवर ओढत न नेता दोन्ही बाजूंनी उचलून न्यावे. जुन्या कपाटाचे पाय मोडतात ते ओढल्यामुळेच. नव्या जागी ठेवल्यावर पाणसळ लावून पाहावी. फरशीला उतार असेल तर ज्या पायाखाली फट दिसेल तेथे सागाचीच पातळ पाचर घालावी, म्हणजे दारे पुन्हा बरोबर मिटतील.